आधी खुलासा, मग भाषण

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. मोठा माणूस माईक हातात घेत राहिला की ते आपोआप साचतात. आमच्या ऑफिसच्या खाली, तुर्भ्याच्या ट्रकांच्या रस्त्यावर, एक चहाची टपरी आहे. तिथे आम्ही तिघे-चौघे उभे राहिलो की कोणीतरी म्हणतं, "काल सर काय बोलले ऐकलं का?" आणि मग दुसरा कप सांगावा लागतो.

सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. ते स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत, फाउंडर म्हणवतात. वाशीत वाढले, परदेशात शिकले आणि परत येऊन त्यांनी सोसायटीच्या गेटचं अॅप काढलं. पाहुणा, कुरिअरवाला, कामाच्या मावशी, कोणीही आलं की वॉचमन मोबाइलवर फोटो काढतो, तो तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही 'आत सोडा' किंवा 'थांबवा' दाबायचं. कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यामुळे कोणाकडे कोण येतं, किती वेळ बसतं आणि कधी जातं, हे सगळं आमच्या कंपनीला माहीत असतं. आणि ज्याला हे माहीत असतं, नेमकं त्यालाच प्रायव्हसीवर बोलायला फार आवडतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर खुलासा काढावा लागेल, आणि खुलासे काढायची नोकरी माझीच आहे! पूर्वी मी एका पेपरात उपसंपादक होतो. पेपर बंद पडला. आता सर जे बोलतात त्याचा अर्थ ते बोलले तसा नव्हता, हे मी जगाला सांगतो. पेपरापेक्षा पगार बरा आहे, झोप मात्र तेव्हा बरी लागायची.

*

सुरुवात पडद्यापासून झाली.

वाशीच्या एका कॉलेजनं सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. एका मुलीनं विचारलं, तुमच्या अॅपमध्ये आमची एवढी माहिती जाते, ती तुम्ही कोणाकोणाला देता? साधा प्रश्न होता, साधं उत्तर देता आलं असतं. सर हसले आणि म्हणाले, "ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, त्याला पडदा लागतोच कशाला?"

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. मी खुलासा काढला की सरांना मनावरचा पडदा अभिप्रेत होता. सरांना तो खुलासा इतका आवडला की पुढच्या भाषणात त्यांनी तो स्वतःचा विचार म्हणून ऐकवला.

त्याच दुपारी आमच्या हेल्पडेस्कला एका आजींचा फोन आला. जन्म खाडीकाठच्या जुन्या गावात गेलेला, मुलानं नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला म्हणून तिथं राहायला आलेल्या. पेपर त्यांना कोणीतरी वाचून दाखवला असणार. त्यांनी विचारलं, "बाय, माजे खिरकीला परदा हाय. तो काढाचा का ठेवाचा?"

फोन मनीषानं घेतला होता. ती म्हणाली, "ठेवा आजी. मी पण ठेवलाय."

आम्ही हसलो. ती हसली नाही. मनीषा साताऱ्याकडची, कोरेगावच्या बाजूची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलीला घेऊन निघून आलेली. तो तिला शोधत होता. तिच्या माहेरी ओसरीवर जाऊन बसायचा, मैत्रिणींच्या घरी फोन करायचा, एकदा मुलीच्या जुन्या शाळेतही जाऊन आला. म्हणून तिनं आईलासुद्धा पत्ता दिला नव्हता. ऑफिस तुर्भ्याला असताना घर तिनं पार द्रोणागिरीला घेतलं होतं, कंटेनरच्या गोदामांपलीकडे, एवढ्या लांब कोण बघायला येतंय म्हणून. मीही सातारचा, म्हणून मला दादा म्हणायची. ऑफिसात ही गोष्ट मला आणि एचआरच्या मॅडमना, एवढ्या दोघांनाच माहीत होती.

तिला त्या पत्त्याशिवाय दुसरं काही लपवायचं नव्हतं.

*

सर महिन्यातून दोनदा तरी काहीतरी बोलायचे आणि माझी धांदल उडायची. शेवटी कंपनीच्या वकीलबाईंनी पद्धत पाडून दिली की खुलासा भाषणाच्या आधीच लिहून ठेवायचा. 'सरांच्या विधानाचा विपर्यास करण्यात आला आहे. कोणाच्याही भावना दुखावण्याचा त्यांचा हेतू नव्हता. ग्राहकांच्या खासगीपणाचा कंपनी आदर करते.' विधान कुठलंही असो, हे चालायचं. मी ते कॉम्प्युटरवर वेळ लावून ठेवायचो. भाषण संपलं की थोड्या वेळानं सगळ्या पेपरांना आपोआप जायचं.

एकदा वाशीतच उद्योजकांचा मेळावा होता. त्या दिवशी मार्केटच्या बाजूला कांद्याचा ट्रक आडवा झाला आणि उद्घाटन करणारे पाहुणे तिथेच अडकून बसले. कार्यक्रम सुरूच होईना. सर स्टेजमागे बसून समोसा खात होते. आणि माझा खुलासा वेळेवर निघून गेला.

मला एका जुन्या पत्रकार मित्राचा फोन आला. "विपर्यास झालाय ते कळलं रे. पण कसला?"

मी म्हटलं, थोडं थांब. तो कुठला थांबतोय! सर काहीतरी भयंकर बोलून बसलेत अशी बातमी पसरली आणि एरवी अशा मेळाव्याकडे न फिरकणारे चॅनलवाले कॅमेरे घेऊन धावत आले. हॉल भरला. सरांनी पडद्याआडून डोकावून पाहिलं आणि खूश होऊन मला म्हणाले, आज लोकांना आपलं म्हणणं ऐकायचंय वाटतं.

मी देवाला म्हटलं, आजच्या दिवस ह्यांना सुबुद्धी दे. आजच्या दिवस नुसते आभार मानून खाली बसू देत.

सर माईकपाशी गेले आणि म्हणाले, "प्रायव्हसी ही म्हाताऱ्या लोकांची सवय आहे. ती पिढी गेली की प्रश्न मिटेल."

खुलाशातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

*

आमच्या अॅपमधून बाहेर पडायला बटण नाही. आत यायला आहे, घरच्यांना जोडायला आहे, शेजाऱ्यांना बोलवायला आहे. जायला नाही. ज्याला जायचंय त्यानं हेल्पडेस्कला फोन करून कारण सांगायचं. हेल्पडेस्कवरून एखाद्याची माहिती हातानं काढून टाकता यायची, पण ती सरांनी हो म्हटल्याशिवाय काढायची नाही असा हुकूम होता. आणि सर हो म्हणायचे नाहीत. मनीषानं प्रत्येकाला गोड आवाजात पुन्हा पुन्हा विचारायचं, नक्की जायचंय का, का जायचंय, आमचं काय चुकलं.

वाशीचे एक गृहस्थ घर विकून नाशिकला गेले. अॅप त्यांना सोडेना. नाशिकमध्ये बसून त्यांना रोज कळायचं की जुन्या घरी दूधवाला आला, गॅसवाला आला, नव्या मालकाची सासू आली. त्यांनी विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या, आणि मग त्यांना ते आवडायला लागलं. एक दिवस नवा मालक चिडून हेल्पडेस्कवर ओरडला की माझ्या सासूबाईंना गेटवर कोण अडवतंय? मनीषानं शोध घेतला. नाशिकचे काका दर रविवारी 'थांबवा' दाबत होते!

तिनं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, मला काढा, नाहीतर मी त्यांच्या सुनेलाही आत सोडणार नाही."

आम्ही हे सगळं मांडून सरांकडे गेलो. म्हटलं, सर, एक बटण ठेवू या. सरांनी ते कसं ऐकलं कोण जाणे. त्याच आठवड्यात त्यांनी एका मासिकाला मुलाखत दिली आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आम्हाला सोडून आजवर एकही ग्राहक गेलेला नाही. याला मी प्रेम म्हणतो."

ते मथळ्यात आलं. सरांनी त्याची फ्रेम करून रिसेप्शनला लावली. मनीषा येता-जाता ती बघायची. एकदा मला म्हणाली, "दादा, आमचे हे पण असंच म्हणायचे."

*

आमच्याकडे वाढदिवसाची एक पद्धत आहे. ज्याचा वाढदिवस असेल त्याचा हसरा फोटो कंपनीच्या पेजवर टाकायचा. नाव, गाव, कुठे राहतो, काय आवडतं, सगळं. आपण एक कुटुंब आहोत म्हणून. मनीषानं एचआरच्या मॅडमना आधीच हात जोडून सांगितलं होतं की माझं काही टाकू नका. मॅडम भल्या होत्या, पण कुटुंबातून एकीला वगळायचं कसं, हे त्यांना सुचेना. त्यांनी मधला मार्ग काढला. फोटो नको, आडनाव नको, गाव नको. नुसतं 'आपल्या लाडक्या मनीषाताई' आणि फोटोच्या जागी पणती नि झेंडूची फुलं.

डिझाइन करणारा मुलगा बंगळुरूचा. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं ते छान काळ्या रंगावर बसवलं.

दुपारपर्यंत खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा पाऊस पडला. सोसायट्यांचे सेक्रेटरी, कुरिअरवाले, आम्हाला पाण्याचे जार पुरवणारा, सगळे हात जोडून उभे. एकानं लिहिलं होतं, फोनवर किती गोड बोलायच्या. पाण्यावाल्यानं तर मलाच फोन करून विचारलं, दहावा नाशिकला आहे की इथेच?

एचआरच्या मॅडम रडवेल्या झाल्या. पोस्ट उतरवायला धावल्या. मनीषा मात्र खुर्चीत बसून पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"राहू द्या की मॅडम," ती म्हणाली. "हेच गावाकडं कळू दे. मेली म्हटल्यावर कोण शोधायला येतंय?"

मग कोणी हसलं नाही.

*

पुढचं सांगताना मला अजून राग येतो. हसत सांगायचा प्रयत्न करतो, पण जमेल असं नाही.

महिलांच्या सुरक्षेवर वाशीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि सरांना त्यात बोलायचं होतं. म्हाताऱ्या लोकांची सवय हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरत होतं, म्हणून वकीलबाईंनी सरांना बजावलं की या वेळी प्रायव्हसीबद्दल चांगलं बोला. चांगलं बोलायला उदाहरण हवं. ते एचआरच्या मॅडमनी पुरवलं. 'इन्स्पायरिंग स्टोरी आहे सर, आपल्याच ऑफिसमधली.' त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट कोणाच्याच मनात नसतं, म्हणून तर मला पगार मिळतो.

मनीषा हॉलबाहेर आमच्या स्टॉलवर पत्रकं वाटत होती. मी दारात उभा होतो. आतून सरांचा आवाज आला.

"आमच्या ऑफिसमध्ये एक मनीषा आहे. नवऱ्याचा त्रास होता. आज ती मुलीला घेऊन द्रोणागिरीला राहते, दोघीच, एकदम बिनधास्त. कारण तिच्या गेटवर आमचं अॅप आहे. आपण तिची प्रायव्हसी जपतो."

आणि त्यांनी मोठ्या स्क्रीनवर तिच्या सोसायटीचं गेट लाइव्ह दाखवलं. बिल्डिंगचं नाव चांगलं ठसठशीत दिसत होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर म्हणाले, कुठे आहे मनीषा, तिला वर आणा. स्टॉलवरच्या दोन उत्साही बायकांनी तिला जवळजवळ उचलूनच आत नेलं. तिच्या हातात गुलाबाचा गुच्छ दिला. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. ती गुच्छ तोंडासमोर धरायला बघत होती आणि फोटोवाला म्हणत होता, ताई, थोडं खाली, चेहरा दिसत नाहीये.

बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "दादा, हे मागं घेता येतंय का?"

मी सरांकडे गेलो. म्हटलं, सर, तो व्हिडिओ आपल्या पेजवरून उतरवू या, तिला धोका आहे. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इंटरनेट काही विसरत नाही यार. तीच तर त्याची ब्युटी आहे."

खुलासा माझ्याकडे तयार होता. तो कोणी मागितलाच नाही. सरांचं हे एकमेव भाषण, ज्याच्यावर कोणाचीही तक्रार आली नाही. सगळ्यांना ते आवडलं होतं.

*

मग एका दुपारी मी हेल्पडेस्कपाशी उभा होतो. मनीषा कोणाला तरी समजावत होती की पार्सल गेटवरच आहे, ताई. तिचा स्वतःचा फोन टेबलावर वाजला. अॅपचाच आवाज होता, आम्हाला तो झोपेतही ओळखू येतो.

फोटो आला होता. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, कॅमेऱ्याकडे बघताना बारीक केलेले डोळे. वॉचमननं खाली नातं लिहिलं होतं, 'मिस्टर'. त्याखाली दोन बटणं.

तिनं 'थांबवा' दाबलं. मग हेडफोनमधल्या बाईला म्हणाली, "हां ताई, बोला. ऐकतेय मी."

थोड्या वेळानं अॅपनं कळवलं, 'आपले पाहुणे परत गेले आहेत. अनुभव कसा वाटला? तारे द्या.'

पाहुणे परत गेले नव्हते. वॉचमनचा फोन आला की ते समोरच्या वडापावच्या गाडीवर बसलेत, मुलगी शाळेतून कधी येते विचारतायत. माझ्या बायकोनं रिक्षा करून मुलीला परस्पर शाळेतूनच उचललं आणि आमच्या सानपाड्याच्या घरी आणलं. मनीषा आल्यावर मुलीनं विचारलं, आपण पुन्हा घर बदलायचं का? मनीषा म्हणाली, हो. मुलीनं दप्तर उघडलं आणि गृहपाठ करायला बसली. तिला ते नवीन नव्हतं, हेच मला सहन होईना.

पोलीस स्टेशनला गेलो. तिथले साहेब नीट बोलले, लिहून घेतलं. पण त्यानं काही केलेलं नाही ना, म्हणाले, नुसता गेटवर आला होता. त्यांचंही खोटं नव्हतं.

ती आमच्याकडे राहिली आणि मग गेली. कुठे, ते मला माहीत आहे. इथे सांगणार नाही. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. म्हणाली, "थांबा दादा, एक तक्रार राहिलीय. तेवढी निकाली काढते."

*

सरांना ही हकिगत कळली तेव्हा ते अक्षरशः टेबलावर हात मारून उभे राहिले. "म्हणजे अॅपनं त्याला गेटवर थांबवलं! वर्क झालं ना यार!"

पुढच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये सरांनी तो प्रसंग रंगवून सांगितला. हिंसक नवरा, एकटी आई आणि मधे आमचं अॅप. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग एका चॅनलनं कळवलं की त्या बाईंना घेऊन स्टुडिओत या, अर्ध्या तासाचा कार्यक्रम करू.

दुसऱ्या दिवशी मीटिंग बसली. सर, वकीलबाई, एचआरच्या मॅडम, आमच्या टेक टीमचा दिनेश आणि मी. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, तिनं नोकरी सोडली, जुना नंबर लागत नाही. सर म्हणाले, हे काय उत्तर झालं का, आपल्याकडे अॅप आहे, शोधा. नवी मुंबईत असेल तर कुठल्या ना कुठल्या गेटमधून आत गेलीच असेल. मी खिडकीबाहेर ट्रक बघत बसलो.

दिनेशनं लॅपटॉप उघडला. तिचं नाव टाकलं. जुना नंबर टाकला. द्रोणागिरीचा फ्लॅट टाकला, मुलीच्या स्कूल व्हॅनचा नंबर टाकला. शेवटी त्या दुपारची तारीख टाकली, जेव्हा 'मिस्टर' गेटवर आले होते. अॅपच्या लेखी त्या दुपारी त्या गेटवर कोणीच आलेलं नव्हतं.

"काहीच नाहीये सर," तो म्हणाला. "ती नाही, मुलगी नाही, नाशिकचे ते काका पण नाहीत. डिलीट झालेत सगळे."

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. मग हळूच म्हणाले, "पण बटण तर आपण ठेवलंच नव्हतं ना?"

"नाही सर."

"मग गेली कशी?"